सरसाजवळची पाच मिनिटं

पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा जळका वास तीन आठवडे झाले तरी जात नव्हता. खाली बाइंडरीत तो होताच, पण जिन्यावरून वर घरातही यायचा. रविवारी, यंत्रं बंद असताना, तर जास्तच जाणवायचा. चर्चला जाताना आईने सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. परत आल्यावर तिने नाक वर करून हुंगलं, आणि जेवणं झाल्यावर चहाचं आधण ठेवलं.

फळीवरचे कप काढताना तिचा हात सवयीने पुढे गेला. एक, दोन, तीन, चार, आणि तो कान तुटलेला पाचवा.

"वहिनी, चारच काढा," टेबलापाशी बसलेली आत्या म्हणाली. तिची नजर या वयातही सुईसारखी होती. "पाचवा कोण येणार आहे?"

"हात गेला, वन्सं."

"हाताला सांगा, आता नाही जायचं."

आईने पाचवा कप परत ठेवला. पण फळीवर नाही, ओट्यावरच, पालथा.

तो कप शंकाकाकांचा होता. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण कुठल्याही गोष्टीवर "कशावरून?" असं विचारल्याशिवाय तो माणूस पुढे सरकत नसे. एकतीस वर्षं तो खाली पुस्तकांचे कणे चढवत होता. देव मानत नव्हता, चर्चची पायरी त्याने कधी चढली नाही. पण दर रविवारी दुपारी चहाला वर यायचा, बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसायचा आणि विचारायचा, "मग? आज पाळकांनी काय सांगितलं?" बाबा उपदेश सांगायचे आणि दोघं दिवेलागणीपर्यंत भांडायचे. न ऐकलेल्या उपदेशावर इतक्या पोटतिडकीने वाद घालणारा माणूस जगात दुसरा नसेल, असं बाबा म्हणायचे.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यानंतरही शंकाकाका दर रविवारी येत राहिले. वाद घालायला कोणी उरलं नव्हतं, तरी आई त्यांना उपदेश सांगायची, जमेल तसा, मधलं विसरून. ते ऐकून घ्यायचे. "ते असते तर मी विचारलं असतं, कशावरून," एवढंच म्हणायचे. त्या अर्ध्या तासात आईला नवरा घरात असल्यासारखा वाटायचा. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे की नाही, हेही तिला नक्की कळत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी तेही थांबलं.

"मी काल काकांकडे गेले होते," धाकटी म्हणाली. ती दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात काम करायची आणि दोन दिवसांसाठी आली होती. तिने हे भावाकडे न बघता सांगितलं. "ते खोली सोडतायत. मंगळवारी. भाचीकडे जाणार, कायमचे."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"कायमचे म्हणजे?"

"म्हणजे कायमचे, आई. पेटी भरून ठेवलीय."

थोरला ताटाकडे बघत होता. जेवण केव्हाच झालं होतं, तरी तो ताटाकडेच बघत होता.

"जाऊ देत," आत्या म्हणाली. "मोठा माणूस आहे, कुठे राहायचं ते त्याचं तो ठरवेल. याने काही त्याला धक्के मारून हाकललं नाही."

"हाकललंच," धाकटी म्हणाली. "फक्त धक्के मारले नाहीत."

"तू तिथे होतीस का?"

"मी नव्हते. सरस होता."

आत्याला हसू आलं आणि ते तिने चहाच्या घोटात लपवलं. थोरल्याला मात्र ते लागलं. कारण तो दिवस त्याला रोज आठवत होता, आणि आठवण दर वेळी सरसापाशीच येऊन थांबत होती.

सकाळी आठला प्रार्थना, ही बाइंडरीची आजोबांपासूनची रीत. यंत्रं बंद करायची, सगळ्यांनी अर्धवर्तुळ करून उभं राहायचं, पाच मिनिटं. पण हीच वेळ सरस वितळवायची. रात्रभर थिजलेला सरस गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून सारखा ढवळावा लागतो, नाहीतर तळ धरतो, आणि एकदा जळला की टाकूनच द्यावा लागतो. ती पाच मिनिटं शंकाकाका अर्धवर्तुळाकडे पाठ करून सरसाजवळ उभे राहायचे. एकतीस वर्षं प्रार्थनेत मागून लाकडी काठीचा आवाज येत राहिला होता, भांड्याच्या काठावर टक्, टक्. बाबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. बाबांची प्रार्थना शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तशी असायची.

थोरल्याची तशी होत नव्हती. तो डोळे मिटायचा आणि शब्द कोरडे यायचे. मग मागून ती टक् टक् यायची आणि त्याला वाटायचं, काका तपासतायत. तिरकी शिलाई अंगठ्याने तपासावी तसे माझे शब्द तपासतायत आणि मनात म्हणतायत, कशावरून?

त्या सकाळी तो प्रार्थनेच्या मधेच थांबला. वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, काठी ठेवा आणि इथे येऊन उभे राहा. या छताखाली सगळ्यांना एकच नियम."

काकांनी विचारलं, "उभा राहीन. हातही जोडीन. पण खोटे जोडीन. चालेल?"

"ज्याला प्रार्थना नको, त्याला इथलं काम नको."

काकांनी काठी भांड्यावर आडवी ठेवली. एप्रन काढला, चार घड्या घातल्या, स्टुलावर ठेवला आणि गेले. थोरल्याने प्रार्थना मुद्दाम लांबवली. डोळे घट्ट मिटून सगळे उभे होते आणि सगळ्यांच्या नाकात वास शिरत होता, पण मधे हलायची कोणाची हिंमत झाली नाही. आमेन म्हणेपर्यंत भांड्यातून काळा धूर निघत होता.

"मी नियम मोडला नाही," तो आता म्हणाला. स्वतःच्याच आवाजाचा त्याला कंटाळा आला होता. "मी बाबांचं घर सांभाळतोय. शास्त्रात लिहिलंय, विश्वास नसलेल्या माणसाबरोबर एका जुवाखाली—"

"मला नको शिकवू," आई म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळे थांबले. "तुझ्या बाबांनी एकतीस वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं. त्यांचा विश्वास कमी झाला का?"

"बाबांची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

आत्याने त्याच्या बाजूने खुर्ची पुढे सरकवली.

"वहिनी, पोराला एकटं पाडू नका. कारखाना चालवायचा म्हणजे कोणीतरी नाही म्हणायला हवं. त्या माणसाशिवाय काही अडत नाही."

"चर्चचं मोठं पुस्तक अडलंय," धाकटी म्हणाली. "बाबांनी कणा उसवून ठेवलेलं. खाली फडक्यात तसंच पडलंय. आज पाळकांनी पुन्हा विचारलं, मी ऐकलं."

"दुसरा कारागीर आणू."

"आणा. आणि तोही दुसऱ्याच मताचा निघाला तर?" धाकटीचा आवाज चढला होता. "दादा, एक विचारू? उपासनेला न जाणाऱ्या माणसाला या छताखाली जागा नाही, बरोबर?"

"मी असं म्हटलं नाही."

"तेच म्हटलंस. मग मलाही जिना दाखव. मी तिकडे दोन वर्षं चर्चला गेलेले नाही. रविवारी मी झोपते, कपडे धुते. इथे येते ती फक्त आईसाठी. मला... मला नाही वाटत रे आतून. लहानपणी वाटायचं. कधी गेलं ते कळलंही नाही."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटीने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. हे ती दोन वर्षं बोलायचं म्हणत होती, आणि बोलताना आपण रडू असं तिला वाटलं होतं. रडू आलं नाही. फक्त घर एकदम खूप लांब असल्यासारखं वाटलं, त्याच घरात बसून.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"तू गाताना नुसते ओठ हलवतेस. मागच्या वर्षीपासून बघतेय. लहानपणी इतकी मोठ्याने आणि इतकी बेसूर गायचीस की पुढच्या बाकावरचे वळून बघायचे. तुझ्या बाबांना कोण आनंद व्हायचा." आईने पदराने डोळे टिपले नाहीत, नुसतीच हसली. "तो बेसूर आवाज मला हवा आहे गं. फार हवा आहे. पण ओढून काढलेला नको. तू आपली ये. ओठ हलवत ये, नाहीतर नको हलवूस."

थोरला बहिणीकडे बघत राहिला. तिला सायकल त्याने शिकवली होती. तिला जिना दाखवायचा, हे वाक्य त्याला मनातही पुरं करता येईना.

आत्याने घसा साफ केला.

"मीसुद्धा एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबाला. वीसेक वर्षं झाली असतील. म्हटलं, तो माणूस तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो, लोक काय म्हणतील? एक तर त्याला उभा कर, नाहीतर काढ."

"मग?" आईला हे नवीन होतं.

"मग काय! हसला. म्हणाला, ताई, तो नसेल तर मला अर्धी प्रार्थना सरसाचीच करावी लागेल." आत्या कपाच्या तळाशी बघत होती. "मला राग आला होता. चेष्टा करतो म्हणून. आता बसल्या बसल्या वाटतं, चेष्टा नव्हती ती."

"आत्या, तूच आत्ता म्हणालीस—"

"म्हणाले. म्हातारी झाले म्हणून काय चुकायचं बंद होतं?" ती भाच्याकडे वळली. "बघ, मी शिकलेली नाही फारशी. पण प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते बाराही जणांचे. बारावा उठून दगा देणार हे त्याला ठाऊक होतं. अकरा झाल्यावर त्याने पाणी फेकून दिलं नाही. आणि शंकाने तर तुझं काही वाईटही केलं नाही. सरस ढवळला."

थोरला उठला. खुंटीवरचा कोट त्याने काढला, उगाच झटकला.

"कुठे निघालास?" आईने विचारलं.

"जाऊन येतो."

आईने ओट्यावरचा पालथा कप सुलटा केला.

*

शंकाकाकांची खोली दोन गल्ल्या सोडून, घड्याळजीच्या दुकानावर होती. दार उघडंच होतं. कपाटं रिकामी, भिंतीशी पुस्तकांचे गठ्ठे, बाइंडिंगच्या जाड दोऱ्याने बांधलेले. प्रत्येक गाठ सारखी.

काका खिडकीशी बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं, चष्मा सारखा केला.

"मग? आज पाळकांनी काय सांगितलं?"

थोरला एका गठ्ठ्यावरच बसला.

"आठवत नाही, काका. माझं लक्ष नव्हतं."

"हे बरं आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष नाही आणि न ऐकणारा चौकशी करतोय."

"मी चुकलो," थोरला म्हणाला. वाटेत त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सगळी दोन गल्ल्यांत सांडली होती. "सगळ्यांदेखत बोललो. ते चुकलं. आणि ते मी देवासाठी केलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला माझी प्रार्थना पोकळ वाटते. तुम्ही मागे उभे राहून ओळखताय."

काकांची बोटं गुडघ्यावर काहीतरी दुमडत होती, छापलेल्या कागदाची घडी घालावी तशी.

"पोकळ नव्हती. घाईची होती. नवा माणूस सरस लावताना करतो तशी."

"मग राग कशाचा आला?"

"काढलंस त्याचं वाईट वाटलं. राग आला तो त्याच्या आधीच." काका खिडकीबाहेर बघत बोलू लागले. "तुझे बाबा प्रार्थनेत नावं घ्यायचे. आठवतं? रोज. शिलाईवाल्या बाईचं, कटिंगवाल्याचं, पुस्तकं पोचवणाऱ्या गाडीवाल्याचंसुद्धा. शेवटून दुसरं माझं. शेवटचं त्यांचं स्वतःचं. माझ्या नावापुढे काही नसायचं. याला शहाणपण दे, याचं मन वळव, काही नाही. नुसतं नाव घ्यायचे आणि थोडं थांबायचे. गुडघा दुखत असेल तर तेवढं सांगायचे."

"तुम्ही ऐकत होता?"

"सरस ढवळताना माणूस दुसरं काय करणार? एकतीस वर्षं ऐकलं. मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो, आज मानत नाही. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण रोज सकाळी आठ वाजता कोणीतरी आपलं नाव घेतं, खोट न काढता... सवय लागते रे त्याची." त्यांनी चष्मा काढला आणि पुसला, तो पुसायची गरज नसताना. "तुझे बाबा गेले आणि तू नावं सोडलीस. म्हणायला लागलास, 'आमच्यातले जे अजून अंधारात आहेत त्यांना.' आता अंधारात एवढ्यांत कोण? मी एकटाच. तोही ट्यूबलाइटच्या खाली उभा."

थोरल्याला हसू आलं आणि त्याच वेळी मान वर करवेना.

"परत या, काका."

"भाचीने खोली रंगवून घेतलीय."

"प्रार्थनेत उभं राहायला सांगणार नाही. कधीच."

"ते कळलं मला."

"आणि नाही आलात तरी..." त्याला पुढचं वाक्य सापडायला वेळ लागला. "नाही आलात तरी मी काही मनात धरणार नाही. तुम्हाला जायचं तर तुम्ही जा. मी फक्त चूक सांगायला आलो."

काकांनी मान हलवली. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं. खाली घड्याळजीच्या दुकानात सहाचे ठोके पडायला लागले. एका घड्याळाचे संपेपर्यंत दुसऱ्याचे सुरू, कुठलीच दोन जुळणारी नाहीत.

थोरला दारापर्यंत गेला तेव्हा मागून आवाज आला.

"सध्या सरस कोण बघतं?"

"मी आठच्या आधी वितळवून ठेवतो. जमत नाही. गोळे राहतात."

"पाणी आधी तापव. काठी तळाला टेकवूनच फिरव. आणि डोळे उघडे ठेव."

*

सोमवारी आठला पाच मिनिटं असताना आई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसली. धाकटीची गाडी दुपारची होती. ती वरच्या पायरीवर, आईच्या खांद्यामागे बसली. इथून खालची सगळी खोली दिसायची: पुस्तकं दाबायचे शिकंजे, कटिंग मशीन, फडक्यात गुंडाळलेलं चर्चचं मोठं पुस्तक, आणि रस्त्याकडचं खरखरीत काचेचं दार. स्टुलावर एप्रन होता. आईने तो धुऊन, त्याच चार घड्यांवर इस्त्री करून ठेवला होता.

यंत्रं थांबली. शिलाईवाली बाई, कटिंगवाला, गाडीवाला अर्धवर्तुळात उभे राहिले. थोरला नेहमीच्या जागी गेला नाही. तो सरसाजवळ गेला, त्याने काठी हातात घेतली आणि म्हणाला, "आज मी इथून करतो. माझे डोळे उघडे असतील. तुम्ही मिटा."

टक्. टक्. आवाज अडखळत येत होता. शिकाऊ हात.

प्रार्थना छोटी होती. सकाळबद्दल, कामाबद्दल. मग त्याने शिलाईवाल्या बाईचं नाव घेतलं आणि थांबला. बाईने मिटलेले डोळे क्षणभर उघडले आणि पुन्हा मिटले. मग कटिंगवाल्याचं, त्याच्या आजारी मुलीचं. गाडीवाल्याचं. आत्याचं. आईचं नाव त्याने पूर्ण घेतलं, माहेरचं धरून, तिचा नवरा घ्यायचा तसं. तिला हे सहन होईल असं वाटलं नव्हतं, पण झालं. मग बहिणीचं. त्यापुढे काही जोडलं नाही, नुसतं नाव, आणि थोडं थांबला. आईला आपल्या खांद्यावर धाकटीचं कपाळ टेकल्याचं जाणवलं.

तेव्हाच तिला काचेपलीकडे कोणीतरी दिसलं. पायरीवर, पाठमोरं. खरखरीत काचेतून नुसता खांदा कळत होता, डावीकडे थोडा उतरलेला. एकतीस वर्षं कणे ठोकून उतरलेला. थोरल्याला ते दिसणं शक्य नव्हतं, तो भांड्यात बघत होता. आईने जिन्याचा कठडा धरला.

थोरल्याने ते नाव घेतलं. शंका नव्हे, खरं नाव, जे या घरात बाबांशिवाय कोणी उच्चारत नसे. त्याचा आवाज मधेच घसरला म्हणून त्याने ते पुन्हा घेतलं. आणि मग म्हणाला, "त्यांचा गुडघा."

कडी वाजली. दार उघडलं आणि रस्त्यावरचा आवाज आत आला, मग दार लागलं. काका कोणाकडे न बघता स्टुलापाशी गेले. एप्रन उचलला, उलगडला, कमरेला बांधला. इस्त्रीकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मग थोरल्याच्या शेजारी जाऊन त्यांनी हात पुढे केला, आणि काठी या हातातून त्या हातात गेली. आवाज एकदम सरळ झाला. टक्, टक्.

उद्या मंगळवार होता. पेटी भरलेली होती, भाचीची खोली रंगवून तयार होती. ते मोठं पुस्तक पुरं करायला आलेत की राहायला, हे आईला ठाऊक नव्हतं. ती विचारणारही नव्हती. पाचवा कप वर ओट्यावर सुलटा होता, एवढंच तिच्या हातचं होतं.

खाली अजून एक नाव राहिलं होतं.

"आणि मी," थोरला म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.